'द्यायलाच पाहिजे' मधला तो 'च' कुठून येतो?

प्रश्न विचारणारा पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपुरात नंदनवनला रूम करून राहतो. मागच्या साली घरचा कापूस विकला पण पैसे अडकले, तेव्हा तीन महिने त्याने डब्याचे पैसे दिले नाहीत, महिन्याचे अडीच हजार धरून साडेसात हजार झाले. डबेवाल्या काकूंनी एकदाही टोकलं नाही, "होईन तवा दे बाप्पा, जेवाले काहून लाजून राहिला" एवढंच म्हणायच्या, वहीबिही काही नव्हती. मग काकू अचानक गेल्या. त्यांचा मुलगा हिंगण्याला कंपनीत आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. आता याच्या हातात इंटर्नशिपचे पैसे आलेत आणि हा विचारतो की सर, मागणारं कोणी नाही, कागद नाही, कायदा नाही, देव-स्वर्ग मी मानत नाही, काकूंना तर कळणारही नाही, तरी द्यायलाच पाहिजे असं वाटून राहिलं, हे नुसतं वाटणं आहे की खरंच काही नैतिक बंधन असते, आणि असते तर येते कुठून?

सत्तावीस वर्षं कॉलेजात फिलॉसॉफी शिकवली, आता रिटायर आहे. हा प्रश्न दरवर्षी एकतरी पोरगं विचारायचंच, पण परीक्षेसाठी. खिशात साडेसात हजार घेऊन विचारणारा तू पहिला, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गोष्ट दुरुस्त कर. कायदा नाही हे बरोबर नाही. कायद्याने ते पैसे आता काकूंच्या वारसाचे आहेत, फक्त त्याच्याकडे पुरावा नाही आणि त्याला पत्ताच नाही. तीन वर्षं उलटली की १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे असा दावा कोर्टात टिकत नाही, पण गंमत पाह, तेव्हासुद्धा कायदा असं म्हणत नाही की कर्ज संपलं, तो म्हणतो की वसुलीचा रस्ता बंद झाला. १८७२ च्या कराराच्या कायद्यात, कलम २५ मध्ये, अशी सोयच आहे की मुदत गेलेलं कर्ज मी फेडतो असं कोणी सही करून लिहून दिलं तर त्या लिहून देण्यावर ते वसूल करता येते. म्हणजे कोरड्या वकिली भाषेतही देणं वेगळं अन् वसुली वेगळी. तुझा सगळा प्रश्न या दोघांमधल्या फटीत बसलेला आहे.

आता कांट-बिंट हे मोठे तत्त्वज्ञ थोडा वेळ बाजूला ठेव, आपण बोलतो कसं ते पाह. व्हरायटी चौकात पोलीस दिसला की आपण म्हणतो हेल्मेट घालावं लागते. पोलीस गेला की लागत नाही. 'लागते' मध्ये बाहेरचा रेटा आहे. हार्ट नावाचा कायद्याचा तत्त्वज्ञ होता ऑक्सफर्डला, त्याने १९६१ च्या पुस्तकात बंदूकवाल्याचं उदाहरण दिलं, कोणी बंदूक रोखून पाकीट मागितलं तर 'मला द्यावं लागलं' हे खरं, पण 'माझं त्याला देणं होतं' असं कोणी म्हणणार नाही. आणि उलटं पण होते, रेटा शून्य, भीती शून्य, तरी देणं पूर्ण शिल्लक. तुझं तसं आहे. म्हणून बंधन म्हणजे दबाव हे समीकरण पहिल्याच पायरीवर सोडून दे, आणि बंधन म्हणजे मनाला टोचणं हेही सोड, कारण ज्याला टोचत नाही त्याचं देणं माफ झालं असतं तर गेंड्याच्या कातडीचा माणूस सगळ्यात मोकळा फिरला असता. टोचणं हा फार तर निरोप्या आहे, निरोप खरा की खोटा ते वेगळं तपासायचं.

दुसऱ्या टोकाला 'केलं तर बरं' असतं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरवाल्यांना आठवत असेल, रात्रीत प्रचंड पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीच्या काठचे तळमजले पाण्यात. आमच्या लेआउटमध्ये खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं, वरच्या बिऱ्हाडाने दार उघडून त्यांना वर घेतलं, सुके कपडे दिले, चहा केला. गल्लीच्या टोकाला मात्र एक पोरगा कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यात शिरला आणि एका बाईला खिडकीतून काढलं. आता विचार कर, वरच्यांनी दार उघडलं नसतं तर? अख्ख्या लेआउटने तोंडात शेण घातलं असतं त्यांच्या, आणि बरोबरच केलं असतं. तो पोरगा पाण्यात शिरला नसता तर कोणी त्याला बोल लावला असता का? नाही लावला असता. दोन्ही कामं चांगली, उलट दुसरं जास्त मोठं, पण बंधन पहिल्यातच होतं. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८६१ मध्ये हेच सांगितलं की कर्तव्य म्हणजे जे माणसाकडून कर्जासारखं वसूल करता येते ते, मग ती वसुली कायद्याने होवो, लोकांच्या बोलण्याने होवो की स्वतःच्या मनाने. आणि अर्मसन नावाच्या माणसाने १९५८ मध्ये दाखवून दिलं की कर्तव्य, निषिद्ध आणि काही फरक न पडणारं अशी तीनच खाती धरली तर संत आणि शूर लोकांना बसायला जागाच राहत नाही, त्यांच्यासाठी कर्तव्याच्या पलीकडचं चौथं खातं पाहिजे.

मजा अशी की दुसऱ्या दिवशी त्या पोराला आम्ही शाबासकी द्यायला गेलो तर तो म्हणे, "मले करा लागलं ना जी." हे अर्मसनलाही माहीत होतं, असे लोक स्वतःपुरतं ते कर्तव्यच समजतात, पण दुसऱ्याने केलं नाही म्हणून त्याला धारेवर धरत नाहीत.

(पीटर सिंगर या तत्त्वज्ञाला ही रेघच मान्य नाही. त्याचं १९७२ चं म्हणणं असं की समोर उथळ तळ्यात लेकरू बुडून राहिलं आणि तू कपडे खराब होतील म्हणून थांबलास तर चूक, मग दूरच्या देशात उपाशी मरणारं लेकरू काय फक्त लांब आहे म्हणून तुझं नाही? वर्गात हे सांगितलं की फुटाळा तलावावर फिरणाऱ्या पोरांचे चेहरे उतरायचे. मला त्याचं अर्धं पटते. पण तुझ्या केसला सिंगर लागत नाही, तुझं त्याहून सोपं आहे.)

तर मधली जागा राहिली, 'पाहिजे'. आणि आपल्या मराठीने इथे जो घोळ, किंवा शहाणपणा म्हण, करून ठेवलाय तो फार भारी आहे. 'मला चहा पाहिजे' आणि 'मला पैसे द्यायला पाहिजे', शब्द एकच. एकात इच्छा आहे, दुसऱ्यात बहुतेक वेळा इच्छेच्या विरुद्ध जाणारं काहीतरी. 'हवं' चंही तसंच. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात अडीचशे-तीनशे वर्षं यावरच भांडण चालू आहे. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० मध्ये टोला मारला की हे लोक 'आहे, आहे' म्हणत जातात आणि अचानक 'पाहिजे' वर उडी घेतात, मधली पायरी दाखवत नाहीत. तीन महिने जेवलो आहे, पैसे दिले नाहीत हे आहे, इथून द्यायला पाहिजे कसं निघालं? ह्यूमच्या मते नुसती बुद्धी माणसाला हलवत नाही, मुळाशी काहीतरी वाटणंच असते. कांटने १७८५ मध्ये उलटी बाजू घेतली. काही 'पाहिजे' जर-तरचे असतात, परीक्षा पास व्हायची तर अभ्यास केला पाहिजे, पास व्हायचं नसेल तर विषय संपला. पण नैतिक 'पाहिजे' ला जर-तर नसते, तुझी इच्छा असो नसो, ते लागूच. तुझ्या वाक्यातला 'च' म्हणजे कांट, असं समज.

पण एवढ्याने भागत नाही. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी १९७२ मध्ये बरोबर नस पकडली, त्या म्हणाल्या की शिष्टाचाराचे नियम पण जर-तर लावत नाहीत. आपल्याकडे लग्नपत्रिकेत मोठ्या काकांचं नाव आधी पाहिजे म्हणजे पाहिजेच, तुला पटो ना पटो, नाव खाली गेलं तर काका मांडवात येणार नाहीत. इथेही 'च' आहे, मग हा पण नैतिक का? नाही ना. म्हणजे नुसत्या 'च' वरून काही सिद्ध होत नाही, त्याच्या मागे काय उभं आहे ते पाहावं लागते.

काय उभं आहे यावर माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतला सगळ्यात टोकदार निबंध एलिझाबेथ ॲन्सकोम या बाईंचा, १९५८ चा. त्या म्हणतात की नैतिक बंधन ही कल्पना देवाच्या आज्ञेच्या काळातली उरलेली आहे. आज्ञा देणारा होता तेव्हा 'पाहिजेच' ला अर्थ होता, आज्ञा देणारा काढून घेतला तरी लोक तो शब्द तसाच हुकमी आवाजात वापरून राहिले. तू देव मानत नाहीस म्हणालास, तर हा वार सरळ तुझ्यावर आहे.

आता यावर आपल्याकडचं एक उत्तर आहे आणि ते इंग्रजी पुस्तकं वाचून शिकलेल्या आमच्यासारख्या मास्तरांनी वर्गात फारसं सांगितलं नाही, मीही उशिरा वाचलं. मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांना, आज्ञेबद्दलच विचार करायचा होता, कारण त्यांच्या मते धर्म म्हणजे वेदातल्या विधीने, 'हे कर' अशा आज्ञेने, दाखवलेली गोष्ट, पण वेद कोणीच रचलेला नाही, देवानेही नाही, तो अपौरुषेय. मग 'यजेत', यज्ञ करावा, हे म्हणतं कोण? अर्थसंग्रह नावाचं छोटं पुस्तक आहे, संस्कृतवाल्यांना लावतात, त्यात उत्तर असं की व्यवहारात 'गाय आण' म्हटलं तर करायला लावणारा जोर बोलणाऱ्याच्या मनात असतो, वेदात बोलणाराच नाही म्हणून तो जोर त्या क्रियापदाच्या प्रत्ययातच आहे. म्हणजे हुकूम आहे, हुकूम देणारा नाही! ॲन्सकोमबाईंना जे अशक्य वाटलं ते यांनी प्रणाली म्हणून शेकडो वर्षं चालवलं. त्यांच्यातही भांडण होतंच, मंडनमिश्र हा एक मीमांसक म्हणे की 'करावं' चा अर्थ एवढाच की हे केल्याने तुला हवं ते मिळेल, आणि प्रभाकर या दुसऱ्या मीमांसकाचे लोक म्हणत की नाही, विधी फळाची लालूच दाखवून हलवत नाही, 'हे करायचं आहे' एवढं कळणंच पुरतं. ह्यूम-कांटची कुस्ती यांच्या आखाड्यात कधीच होऊन गेली होती.

पण मी नागपूरचा आहे, इथे हे कौतुक एवढ्यावर सोडता येत नाही. ज्या हुकमाला हुकूम देणारा नाही त्याला जाब विचारायला पण कोणी सापडत नाही. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं आपण कौतुकाने सांगतो, मूळ वाक्यात 'ब्राह्मण' आहे, आणि बाकीच्यांच्या वाट्याला ऋणांपेक्षा मनाईच जास्त आली. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात, जे लाहोरला व्हायचं होतं आणि होऊ दिलं गेलं नाही, नियम आणि तत्त्व यात फरक केला. नियम सांगतो अमुक कर, ते तू यंत्रासारखं करतोस. तत्त्व निवाडा करायला शिकवते, ते चुकलं तरी केलेलं काम जाणून-समजून केलेलं असते, जबाबदारी तुझी असते. ज्याला मी बंधन म्हणतो ते फक्त या दुसऱ्या जातीचं, पत्रिकेतल्या काकांचं नाव पहिल्या जातीचं.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. बावीस प्रतिज्ञा तुला पाठ असतील नसतील, पण त्यांचं व्याकरण पाह, मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पालन करीन. 'करावे' नाही, 'मी करीन'. हुकूम देणारा आणि घेणारा एकच. कांटला नेमकं हेच पाहिजे होतं, स्वतःच स्वतःला घालून दिलेला नियम. ॲन्सकोमबाई यावर हसतात, म्हणतात स्वतःसाठी कायदा करणं म्हणजे एका मतदाराची निवडणूक, दरवेळी निकाल एक विरुद्ध शून्य, शिवाय कोणीही म्हणेल, ज्याने बांधलं तोच सोडवू पण शकतो. हा आक्षेप खोलीत एकट्याने शपथ घेणाऱ्याला लागू आहे. पण दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी ती एकमेकांसमोर घेतली, 'मी' म्हणत, पण शेजारच्याला ऐकू जाईल अशी. त्याक्षणी शेजारच्याला हक्क मिळाला विचारायचा की का रे, काय ठरलं होतं आपलं?

इथे मी माझ्या उत्तरापाशी येतो. 'पाहिजे' हा शब्द मुळात 'पाहणे' चं जुन्या मराठीतलं कर्मणी रूप आहे, पाहिलं जाते, वाट पाहिली जाते. वाक्यात पाहणाऱ्याचं नाव नसते. तत्त्वज्ञ ते नाव शोधत फिरले, कोणी देव म्हटलं, कोणी शुद्ध बुद्धी, कोणी समाज, कोणी काहीच नाही. माझ्या मते प्रत्येक खऱ्या बंधनात ते नाव साधं असते, ज्याला विचारायचा हक्क आहे तो माणूस. तो पाहत असेलच असं नाही, पाहण्याचा हक्क त्याचा आहे एवढं पुरे. कोरा चांगुलपणा आणि बंधन यातला फरक हाच, चांगुलपणा तू जगाकडे तोंड करून करतोस, बंधन कोणाच्या तरी दारापर्यंत जाते.

याने सगळे प्रश्न सुटतात असं नाही. हक्क दोघांचे असले तर? काही वर्षांपूर्वी एका शिपायाच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन जायचं मी कबूल केलं होतं, सकाळी सातला, आणि सहा वाजता माझं पोरगं सायकलवरून पडून हात मोडून बसलं. मी पोराला घेऊन गेलो, आजी दारात पिशवी घेऊन नऊपर्यंत उभ्या होत्या, फोन करायचं सुचलंच नाही मला. रॉस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, १९३० चं त्याचं पुस्तक, की वचन पाळणं, नुकसान भरणं, उपकार फेडणं, न्याय, परोपकार, इजा न करणं अशी कर्तव्यं सकृद्दर्शनी सगळीच बांधतात, टक्कर झाली की त्या प्रसंगी जे जड ते करायचं. बरोबर, पोराचा हात जड होता. पण हरलेलं कर्तव्य पुसलं जात नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो. आजी म्हणाल्या, माफी कायची जी, लेकराचं पहिले. त्यांनी सोडलं म्हणून मी सुटलो. मीच मला सोडून टाकलं असतं तर ते सुटणं नव्हतं.

कांट इथे तुटतो. १७९७ च्या निबंधात तो म्हणतो, तुझा मित्र घरात लपलाय आणि खुनी विचारतोय, तरी खोटं बोलू नको. महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो, चोरांनी विचारलं, याने लपलेल्या लोकांची जागा खरी खरी सांगितली, ते मारले गेले आणि हा सत्यवादी नरकात गेला. टिळकांनी गीतारहस्यात या सगळ्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत, सवडीने वाच. माझ्या हिशोबाने कौशिकाची चूक सोपी आहे, खरं ऐकण्याचा हक्क चोरांना नव्हताच, ज्यांचा हक्क होता ते झाडीत लपले होते.

आता तुझं. काकू गेल्या म्हणून विचारायचा हक्क मेला का? तू जेवलास ते उधारीवर, 'होईन तवा दे' हे शब्द दान देणारीचे नाहीत, त्यात 'दे' आहे. त्यांनी सोडलं नव्हतं, थांबल्या होत्या. आणि त्यांचं जे काही उरलं ते ज्याचं झालं त्याचा हा पैसा. त्याला माहीत नाही हे तुझ्या बाजूने काहीच सिद्ध करत नाही, उलट सांगण्याचं काम तुझ्यावर येते. म्हणून अनाथाश्रमात देऊन टाकू का, काकूंच्या नावाने अन्नदान करू का, असलं काही डोक्यात असेल तर काढून टाक, ते चांगलं काम आहे पण ती फेड नाही, साडेसात हजार तसेच राहतील.

देताना एक सांभाळ. पोरं लाजेखातर म्हणतात, दादा, काकूंनी खूप केलं माझ्यासाठी, हे राहू द्या. तसं नको देऊ. ते मदत म्हणून पोचेल, आणि तो बिचारा तुझे उपकार मानून उद्या तुझ्या लग्नात आहेर घेऊन उभा राहील, म्हणजे देणं तुझं अन् ओझं त्याच्यावर. सरळ सांग की डब्याचे आहेत, अमुक अमुक तीन महिन्यांचे, अडीच हजाराच्या हिशोबाने. तो नको म्हणाला तर त्याला म्हणू दे, तो हक्क त्याचा आहे, पण आधी नोटा त्याच्यासमोर ठेव.